धुळ्याला हरायला गेले त्याची हकिकत

जळगाव स्टेशनाबाहेर आले आणि समोरच्या विजेच्या खांबावर माझं नाव दिसलं. 'आंतरराष्ट्रीय टेनिसपटू कु. केतकी साठे यांचे खान्देशनगरीत सहर्ष स्वागत.' नाव बरोबर होतं. फोटो मात्र माझा नव्हता. माझ्यापेक्षा वीतभर उंच, सोनेरी केसांची एक परदेशी मुलगी त्या फ्लेक्सवर बॅकहँड मारत होती. तिच्या डोक्याच्या वर, गोलात, हात जोडलेले एक गृहस्थ होते आणि ते तिच्यापेक्षा बरेच मोठे छापले होते.

मला न्यायला विलासराव आले होते. गोलातल्या गृहस्थांचे, म्हणजे धुळ्याचे नगरसेवक हेमंतभाऊ यांचे, ते स्वीय सहाय्यक. मी फ्लेक्सकडे बघतेय हे पाहून त्यांनी आपणहून खुलासा केला. माझा फोटो त्यांनी इंटरनेटवर शोधला होता, पण खूप खाली जावं लागत होतं आणि फ्लेक्सवाल्याला घाई होती. मला रागावता आलं नाही. जागतिक क्रमवारीच्या यादीत स्वतःचं नाव शोधताना माझाही अंगठा दुखतो.

वाचकांना माझी माहिती असण्याचं कारण नाही, म्हणून थोडक्यात सांगते. मी सांगलीची. आठव्या वर्षी रॅकेट हातात घेतली, अठराव्या वर्षी व्यावसायिक खेळाडू झाले. आता चोवीस पूर्ण. या सहा वर्षांत मी बरेच देश केले, पण पाहिला एकही नाही. ट्युनिशिया म्हणजे एक हॉटेल, त्यामागची आठ कोर्टं आणि खोलीतल्या किटलीत शिजवलेली खिचडी. तुर्कस्तानही तेच, फक्त किटली वेगळी. गेल्या वर्षी मनगट दुखावलं, चार महिने घरी बसले, आणि परत खेळायला लागल्यापासून पहिल्याच फेरीत हरायची सवय लागली. वडील एकदा फक्त म्हणाले की हे वर्ष बघू. सांगलीतल्या एका शाळेने क्रीडाशिक्षिकेची नोकरी देऊ केली होती आणि महिनाअखेरपर्यंत उत्तर मागितलं होतं.

अशा वेळी जळगावच्या सुगनचंदजींचा निरोप आला. त्यांची डाळ मिल. घराणं पाच पिढ्यांपूर्वी राजस्थानातून इकडे आलेलं. एका नातेवाइकाच्या लग्नात वडिलांची आणि त्यांची ओळख झाली होती. त्यांनी कळवलं की मुलीच्या पुढच्या हंगामाचा खर्च मिल उचलेल, मुलीने फक्त टी-शर्टवर डाळीचं नाव लावावं. आणि जानेवारीत एकदा इकडे येऊन जावं, धुळ्याला त्यांचे स्नेही हेमंतभाऊ यांचा एक छोटासा कार्यक्रम आहे.

सुगनचंदजींच्या घरी माझं आदरातिथ्य इतकं झालं की दुसरा खेळाडू असता तर त्याने तिथेच निवृत्ती घेतली असती. दाल-बाटीवर तुपाची वाटी उपडी करायची पद्धत आहे. मी नको म्हटलं की त्यांच्या पत्नी, ज्यांना घरात सगळे बाईसा म्हणत, दुसरी वाटी आणत. सूर्यास्तापूर्वी जेवायचा नियम असल्यामुळे साडेपाचला माझं रात्रीचं जेवण झालं होतं. जेवताना सुगनचंदजींनी मला तीन प्रश्न विचारले. रोज किती तास खेळता, हरल्यावर काही मिळतं का, आणि लग्नानंतर खेळणार का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं की पहिल्या फेरीत हरलं तर जे मिळतं त्यात हॉटेलही भागत नाही. ते मान हलवत म्हणाले की मग हरू नये. इतका साधा सल्ला मला कुठल्याही प्रशिक्षकाने दिला नव्हता.

त्याआधी दुपारी त्यांच्या पुतण्याने मला एका मैदानावर नेलं होतं. 'भव्य टेनिस स्पर्धा' असा बोर्ड होता. गर्दी पाहून मला भरून आलं. आत गेल्यावर स्टंप दिसले. खान्देशात टेनिस म्हणजे टेनिस बॉलने खेळायचं क्रिकेट, हे मला तोवर माहीत नव्हतं. उद्घाटनाचा चेंडू मी टाकला. फलंदाजाने तो शेजारच्या बांधकामावर भिरकावला आणि लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. समालोचकाने माइकवरून सांगितलं की मॅडम सिंगल आणि डबल दोन्ही खेळतात. ते ऐकून मागच्या एका माणसाने शंका काढली की डबलमध्ये रनर कोण असतो.

सकाळी मेहरूण तलावाभोवती धावून आले. थंडी चांगली होती. पाण्यावर धुकं, काठाने फिरणारी कानटोपीतली मंडळी, आणि कुणालाही मी कोण ते माहीत नाही. सगळ्या दौऱ्यातला तो एक तास मी सत्काराशिवाय काढला. मग विलासरावांच्या गाडीतून धुळ्याला निघालो.

एरंडोल मागे पडलं. रस्ता मोठा झालाय, दोन्ही बाजूंना काळी जमीन, वेचणी होऊन गेलेली कपाशी, मधेच हरभऱ्याचा हिरवा तुकडा. पारोळ्याला चहा घ्यायला थांबलो. विलासरावांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि अतिशय अदबीने मुद्द्यावर आले.

भाऊंचा उद्या वाढदिवस. वॉर्डात नवं टेनिस कोर्ट बांधलंय, त्याचं उद्घाटन. त्यानंतर माझा आणि भाऊंचा प्रदर्शनी सामना. भाऊंना खेळाची फार आवड. बॅडमिंटन, टेबल टेनिस, कॅरम, सगळ्यात वॉर्डात त्यांचा हात धरणारा नाही. टेनिस त्यांनी तीन महिन्यांपासून सुरू केलं होतं.

मी म्हटलं की चांगलं आहे, मी सांभाळून खेळेन.

"सांभाळून म्हणजे, ताई," विलासराव म्हणाले, "सामना भाऊंनी जिंकायला पाहिजे."

मी चहा खाली ठेवला. त्यांनी घाईने सांगितलं की यात भाऊंचा काही संबंध नाही, भाऊंना हे माहीतसुद्धा नाही. पण पुढे महापालिकेची निवडणूक आहे, वाढदिवसाला सगळा वॉर्ड येणार आहे, आणि सुगनचंदजींचंही म्हणणं तेच आहे. हंगामाच्या खर्चाच्या पत्रावर त्यांची सही व्हायची बाकी आहे ना, असं त्यांनी मला विचारलं. तीही अदबीनेच.

खरं सांगायचं तर गाडीत बसल्यावर मला पहिल्यांदा हसू आलं. गेले सहा महिने मी जीव तोडून जिंकायला बघत होते आणि हरत होते. आता कुणीतरी मला हरायचेच पैसे देत होतं. मग हळूहळू हसू गेलं. बारा आठवड्यांचा परदेश दौरा डोळ्यांसमोर होता, आणि शाळेचं पत्र. धुळ्याची हद्द लागेपर्यंत माझं ठरलं होतं. एक सामना, गावातला, कुठल्याही यादीत न लागणारा. हरू.

कोर्ट पाहायला संध्याकाळी गेले. मुरुमाचं होतं, चुन्याने रेषा आखलेल्या. एका बाजूला भाऊंचा वीस फुटी फ्लेक्स, हातात रॅकेट धरलेला. ती रॅकेट बॅडमिंटनची होती. नेटजवळ पांढरा शर्ट घातलेला एक सडपातळ म्हातारा उभा होता. त्याने एक रॅकेट नेटच्या मध्यावर उभी धरली, तिच्या टोकावर दुसऱ्या रॅकेटचं डोकं आडवं ठेवलं, आणि नेटचा पट्टा दोन बोटं खाली ओढला. नेटची उंची अशी मोजतात हे टेनिसवाल्यांनाच माहीत असतं. मी सांगली सोडल्यापासून मला भेटलेला हा पहिला टेनिसवाला.

यशवंत नाना त्यांचं नाव. साहेब लोकांच्या एका क्लबात तीस वर्षं मार्कर होते. मार्कर म्हणजे क्लबचा पगारी खेळगडी. कोर्टावर पाणी मारायचं, रेषा आखायच्या, आणि साहेबाला जोडीदार नसेल तर त्याच्याशी खेळायचं. वय सत्तरीला टेकलेलं. मी चार चेंडू मारून बघूया म्हटल्यावर त्यांनी चप्पल काढली आणि अनवाणी कोर्टात उतरले. जुन्या पद्धतीचा सपाट फोरहँड, पाय जागेवर, चेंडू दर वेळी त्याच ठिकाणी. वीस मिनिटं आम्ही खेळलो आणि त्यांचा एकही चेंडू नेटात गेला नाही.

खेळून झाल्यावर मी त्यांना विचारलं की क्लबात त्यांना कुणी हरवू शकत असे का.

"मी तर रोजच हारत व्हतू," नाना म्हणाले. "सायबेसले जिताडानं, हाईच मनं काम व्हतं." (साहेबांना जिंकवायचं, हेच माझं काम होतं.)

मग मी त्यांना सगळं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. पारोळ्यापासून ते पोटात घेऊन बसले होते. नानांना आश्चर्य वाटलं नाही. उलट त्यांनी काळजीने विचारलं की तुला हरता येतं का. मी म्हटलं की अलीकडे तेच येतं. ते म्हणाले तसं नाही, मुद्दाम हरणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्यांनी माझी शिकवणी घेतली. परदेशी प्रशिक्षकांकडे मी तासाचा हिशेब लावून शिकले आहे, पण इतका स्वच्छ शिकवणारा माणूस मला मिळाला नव्हता. चेंडू नेटात मारायचा नाही. "नेटमा नको मारू बेटा, सायेबले कळस," (नेटात मारू नको, साहेबाला कळतं) असं त्यांनी पहिल्यांदाच बजावलं. बाहेर मारायचा, तोही लांबीला, आणि एक वीतच. रुंदीला बाहेर गेला तर मुद्दाम वाटतो. पहिला गेम आपण घ्यायचा, म्हणजे समोरच्याला घाम फुटतो आणि पुढचं यश त्याला स्वतःचं वाटतं. साहेबाचा चांगला फटका बसला तर वाहवा करायची नाही, फक्त त्या जागेकडे क्षणभर बघत राहायचं. पोलिसातले साहेब लवकर जिंकायला लागतात, महसुलातल्यांना ड्यूस, म्हणजे चाळीस-चाळीसवर अडलेला गेम, आवडतो. मी प्रत्येक गोष्ट करून दाखवली. एक वीत बाहेर मारायला मला तासभर लागला, कारण हात आपोआप आत मारत होता. नाना म्हणाले की हात चांगला आहे, ऐकत नाही एवढंच.

दुपारी ते मला घरी जेवायला घेऊन गेले. त्यांच्या सुनेने भरीत केलं होतं, तुराट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं, हिरव्या मिरचीचं, आणि बरोबर कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली). सामन्याआधी इतकं जेवू नये हे मला कळत होतं. पण हरायचंच असेल तर जेवायला काय हरकत, असा विचार करून मी तिसरी भाकरी घेतली. सून भाकरी वाढताना म्हणाली की उद्घाटनाला मीही येणार आहे, इतकी वर्षं मामंजी खेळतात म्हणतात, पण टेनिस कसं असतं ते घरातल्या बाईने पाहिलेलंच नाही.

कार्यक्रम चारचा होता, साडेपाचला सुरू झाला. कोर्टाच्या बेसलाइनवर स्टेज बांधलं होतं. ते हलवायला आणखी अर्धा तास गेला. तोवर माझे सात सत्कार झाले. सात शाली, सात नारळ. एका वक्त्याने सांगितलं की केतकीताईंनी महाराष्ट्राचं नाव ट्युनिशियात पोचवलं. ट्युनिशियात मी एकूण तीन तास कोर्टावर होते आणि त्यात माझं नाव पंचांनाही नीट उच्चारता आलं नव्हतं, पण मी नमस्कार केला. हेमंतभाऊ चाळिशीचे, अंगाने मजबूत, वागायला मोकळे. ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले की ताई, मी नवखा आहे, हसू नका. माणूस मला आवडला, आणि त्यामुळे जास्तच अवघड झालं.

चार-चार गेमचे तीन छोटे सेट ठरले. नाना पंच, एका स्टुलावर स्टूल ठेवून त्यांना बसवलं होतं. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, पोरं भिंतीवर. लाइट लागले.

पहिला गेम मी घेतला. मग शिकवणीप्रमाणे सुरू केलं. एक वीत बाहेर, पुन्हा एक वीत बाहेर. अडचण वेगळीच निघाली. भाऊंची सर्व्हिस आत पडत नव्हती. ते स्वतःच डबल फॉल्ट करून मला गुण देत होते, आणि मला ते गुण परत करायला जास्त चुका कराव्या लागत होत्या. हरण्यासाठी मी इतकी पळाले, की जिंकण्यासाठीसुद्धा कधी पळाले नसेन. कसाबसा पहिला सेट चार-तीन असा भाऊंना दिला. फटाके वाजले. विलासरावांनी मला लांबून नमस्कार केला. जागा बदलताना नानांच्या स्टुलाजवळून गेले, तेव्हा ते ओठ न हलवता म्हणाले, "भारी हारी रायनी." (छान हरते आहेस.)

ती शाबासकी मला लागली. का ते सांगता येत नाही. त्यांनी ती मनापासून दिली होती.

दुसऱ्या सेटमध्ये दोन-दोन झाले. माझी सर्व्हिस होती. मनगट दुखावल्यापासून जी सर्व्हिस माझ्याकडून होत नव्हती, कोपऱ्यात रुंद जाणारी, ती अचानक हातातून सुटली. मी ठरवून मारली नाही. चेंडू रेषेच्या आतल्या कडेला पडला, चुन्याची भुकटी उडाली, आणि भाऊ हललेसुद्धा नाहीत.

"आउट," नाना म्हणाले.

मी म्हटलं, "नाना, आत होता."

नाना माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या नजरेत सरळ प्रश्न होता, की तुला हरायचंय ना. मलाही तो कळत होता. हा गुण गेला तर माझंच काम सोपं होणार होतं. पण माझे पाय चालायला लागले होते. मी नेट ओलांडून पलीकडे गेले आणि मुरुमात उमटलेल्या खुणेवर रॅकेटचं टोक ठेवलं. अर्धी खूण पांढऱ्या चुन्यावर होती.

"आउट नाही," मी पुन्हा म्हटलं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा चढला होता. चार महिने मी घरी बसून त्या एका सर्व्हिसची वाट बघितली होती.

विलासराव धावत आले आणि पंचांचा निर्णय अंतिम असतो असं लोकांना सांगायला लागले. भाऊंनी त्यांना हाताने बाजूला केलं. गुडघ्यावर बसून त्यांनी ती खूण जवळून पाहिली, बोटाने चुना चाचपला.

"आत आहे," ते उभं राहत म्हणाले. "नाना, तुम्ही आउट कसा दिला?"

नाना स्टुलावरून उतरले होते. ते खाली मान घालून म्हणाले की सवय आहे साहेब, तोंडातून आपोआप निघतं.

भाऊंना सगळं एकदम समजलं असं नाही. ते नानांकडे बघत राहिले, मग विलासरावांकडे, मग माझ्याकडे. "ताई," ते म्हणाले, "पहिल्या सेटमधले तुमचे चेंडू सगळे एकाच ठिकाणी बाहेर जात होते. तेही तसंच का?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार. ते बराच वेळ रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ करत होते. मग त्यांनी सांगितलं की आता खरं खेळा.

पुढचा खेळ दहा मिनिटांत संपला. दुसरा सेट मी घेतला, तिसऱ्यात भाऊंना एकही गेम मिळाला नाही. मनगट दुखलं नाही. कोपऱ्यातली ती सर्व्हिस मी आणखी चार वेळा मारली, त्यातली एक नुसती ती आहे ना हे बघायला. बायकांच्या बाजूने आधी टाळ्या आल्या; नानांची सून उभी राहून टाळ्या वाजवत होती. पुरुषांच्या बाजूने त्या जरा इकडेतिकडे बघून आल्या. भाऊंनी नेटजवळ येऊन हात मिळवला. ते घामाने निथळत होते. मग ते वळले.

"विलास," त्यांनी विचारलं, "म्हणजे कॅरमपण?"

विलासराव जमिनीकडे बघत होते.

"आणि बॅडमिंटन?"

केक कापायचा राहिला होता, तो भाऊंनी कापला, पण भाषण केलं नाही. नगरसेवक झाल्यापासून आपण एकदाही हरलो नाही याचा त्यांना अभिमान होता, आणि तो वाढदिवसाच्याच दिवशी गेला होता. मला वाईट वाटलं. सात शाली घेऊन मी मुक्कामाच्या खोलीवर आले.

सकाळी नाना दारात उभे होते. बसला वेळ आहे ना, असं विचारून मला कोर्टावर घेऊन गेले. मला वाटलं त्यांना कालच्याबद्दल बोलायचंय. तसं काही नव्हतं. त्यांनी चप्पल काढली, पलीकडे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आज माले जिताडू नको." (आज मला जिंकवू नकोस.)

मी पूर्ण ताकदीने खेळले. सत्तरीच्या माणसाशी असं खेळणं सोपं नाही, पण त्यांनी मागितलं होतं. कोपऱ्यात मारलं, पुढे बोलावून डोक्यावरून उचललं, एकही गुण सोडला नाही. नाना धावले. दोनदा पडता पडता वाचले. एकदा त्यांनी बॅकहँडने रेषेवरून असा चेंडू काढला की मी जागच्या जागी उभी राहिले. तो एक गुण, आणि आणखी एक-दोन. चार-शून्य संपलं तेव्हा ते नेटला धरून वाकून श्वास घेत होते. मी घाबरून जवळ गेले, तर ते हसत होते.

"तीस वरीस हारनू बेटा," ते म्हणाले, "पन माले कोनी हाराडं नही." (तीस वर्षं हरलो, पण मला कुणी हरवलं नाही.)

मग पाणी पिऊन त्यांनी मला विचारलं की तो बॅकहँड खराच होता ना. मी सांगितलं की मला तो दिसलाही नाही. त्यांनी चप्पल पायात घातली आणि रेषा पुन्हा आखायला घेतल्या.

परतीला विलासरावांची गाडी नव्हती. एसटीने जळगावला आले. शेजारच्या बाईंनी माझी रॅकेटची बॅग बघून भजनाला जाता का म्हणून विचारलं, त्यांना आत वाद्य आहे असं वाटलं. मी हो म्हटलं. खुलासे करून मी थकले होते.

सुगनचंदजींना सगळं माझ्या आधी पोचलं होतं. त्यांनी बसायला सांगितलं, बाईसांनी ताक आणलं. सुगनचंदजी रागावलेले नव्हते. त्यांनी सांगितलं की सकाळीच भाऊंचा फोन आला होता. गेली आठ वर्षं दर दिवाळीला तुम्ही माझ्याशी कॅरम हरता, ते कसं, असं भाऊंनी विचारलं. इतक्या वर्षांत सुगनचंदजींवर अशी पाळी आली नव्हती.

"बेटी, तुमचा खेळ चांगला आहे," ते शेवटी म्हणाले. "पण तुमचा स्वभाव आमच्या धंद्याला परवडणार नाही."

मी त्यांना दोष दिला नाही, आजही देत नाही. त्यांनी गोष्ट सरळ सांगितली. निघताना बाईसांनी केळी वेफर्सचं मोठं पुडकं आणि डब्यात बाट्या दिल्या आणि कानात म्हणाल्या की कॅरममध्ये यांना मीसुद्धा हरवते, पण दिवाळीला भाऊंसमोर मी ते सांगत नाही.

सांगलीला पोचल्यावर घरच्यांनी विचारलं की खान्देश कसा आहे. मी खूप देश फिरले, पण सांगण्यासारखं पहिल्यांदाच काही घेऊन आले होते. भरीत सांगितलं, मेहरूणचं धुकं सांगितलं, सात शाली दाखवल्या. आईने त्या लगेच वाटायला काढल्या. मग वडिलांना सामन्याचं सांगितलं आणि पत्रावर सही झाली नाही हेही. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की ती कोपऱ्यातली सर्व्हिस पाचही वेळा आत पडली का. पडली म्हटल्यावर ते उठले आणि माझ्या रॅकेटच्या तारा बदलायला कुणाकडे द्यायच्या ते विचारायला लागले.

शाळेला नकार कळवला. परदेशचे बारा आठवडे होणार नाहीत. आपल्याकडेच ज्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात, त्या रेल्वेने जाऊन खेळायच्या असं ठरवलं आहे, आणि सकाळी सांगलीच्या क्लबात मुलांना शिकवायचं. यादीत माझं नाव अजून बरंच खाली आहे. फ्लेक्सवाल्यांनी घाई करू नये.

परवा नानांचा फोन आला. भाऊ रोज सकाळी सहाला कोर्टावर येतात आणि नानांशी खेळतात, विलासरावांना बरोबर आणत नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी नानांना एकवीरा देवीची शपथ घालून बजावलं की मला जिंकवलंत तर कोर्टाला कुलूप लावीन. त्यामुळे नाना त्यांना रोज हरवतात, एकही गेम न देता, आणि ते सांगताना नानांचा आवाज पंचवीस वर्षांनी तरुण वाटत होता. फोनच्या आदल्या दिवशी मात्र भाऊंनी एक गेम घेतला. त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी नानांना दोनदा विचारलं, मग नेटजवळ बसून राहिले, मग घरी बायकोला फोन करून सांगितलं.

मीही विचारलं की नाना, खरंच घेतला का.

"मना पाय सरकना," नाना म्हणाले, "पन गेम त्यानीच लिधी." (माझा पाय घसरला, पण गेम त्यानेच घेतला.)